पॉइंट गार्ड कसा जोखावा: टेबलावरून आणि गॅलरीतून

बास्केटबॉल सामन्यांची आकडेवारी टिपण्याच्या टेबलावर मी गेली नऊ वर्षे बसते आहे आणि त्यातली शेवटची पाच वर्षे नेरूळमधल्या एका क्लबच्या मुलींच्या संघाची साहाय्यक प्रशिक्षक म्हणूनही काम करते. या कामात नव्याने येणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू वर आणून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू, चांगला आहे हे ठरवायचे कशावरून, त्याच्या नावापुढच्या आकड्यांवरून की त्याचा खेळ डोळ्यांनी पाहून? मला याचे उत्तर स्वतःच्या एका चुकीतून मिळाले, म्हणून आधी ती चूक सांगते.

क्लबमधल्या माझ्या पहिल्याच वर्षी संघात पॉइंट गार्डची एक जागा रिकामी झाली आणि ठाण्यातल्या एका स्पर्धेत खेळलेल्या दोन मुलींपैकी एकीला घ्यायचे ठरले. दोघी वेगवेगळ्या संघांकडून खेळत होत्या. त्यांना मी येथे जर्सीवरच्या क्रमांकानेच ओळखेन. दोघींचेही सामने मीच टिपले होते. सात नंबरचे सामन्यामागे दोन असिस्ट (ज्यातून बास्केट झाली असे पास) आणि तीन टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू) होते, तर अकरा नंबरचे सहा असिस्ट आणि तीनच टर्नओव्हर. मी तक्ता करून आमच्या मुख्य प्रशिक्षकांपुढे ठेवला, तेव्हा ते म्हणाले, "आकडे राहू दे जरा बाजूला. सात नंबर खेळते कशी, ते सांग." मला काही सांगता येईना. इतके सामने कोर्टपासून हाताच्या अंतरावर बसूनही मी फक्त चेंडू पाहिला होता, ती मुलगी पाहिलीच नव्हती. शेवटी माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवून त्यांनी अकरा नंबरला घेतले.

पुढच्याच स्पर्धेत प्रतिस्पर्धी संघाने पहिल्या मिनिटापासून पूर्ण कोर्टवर प्रेस लावला, म्हणजे चेंडू आमच्याच अर्ध्या भागात असताना अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली. चेंडू आठ सेकंदांच्या आत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि अकरा नंबरला ते जमेना. दोन वेळा आठ सेकंद उलटले, तीनदा चेंडू हातातून गेला आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये आम्हाला तिला बाहेर बसवावे लागले. दोष तिचा नव्हता. तिच्या जुन्या संघात चेंडू वर आणण्याचे काम दुसरीच गार्ड करत असे आणि हिला तो पुढे, कडेला विंगवर, मोकळ्या जागेत मिळत असे. चेंडू वर कोणी आणला याचा रकाना स्कोअरशीटवर नसतो, त्यामुळे माझ्या तक्त्यातही तो नव्हता.

त्यानंतर मी ठाण्याच्या त्या स्पर्धेची एका पालकांनी गॅलरीतून मोबाइलवर केलेली चित्रफीत मागवली आणि एका रविवारी सात नंबरचा एक संपूर्ण सामना फक्त तिच्यावर नजर ठेवून पाहिला. तिच्या चौदा पासवर पास घेणाऱ्या मुलीला तत्काळ शॉट घेता येण्यासारखी स्थिती होती. त्यातले तीन शॉट पडले, म्हणून शीटवर तीन असिस्ट. उरलेल्या अकरा पासांचा कागदावर मागमूसही नव्हता. टर्नओव्हर चार होते. त्यातला एक मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला. रिंगजवळची, पोस्टवरची मुलगी बचावपटूला पाठीवर घेऊन उभी आहे, सात नंबर डावीकडे नजर ठेवून उजवीकडे एक टप्पा पास देते, चेंडू बचावपटूपासून दूरच्या हातात, बरोबर कमरेच्या उंचीवर येतो, पण पोस्टवरच्या मुलीने आधीच मान रिंगकडे वळवलेली आहे, चेंडू तळव्यावर आदळून साइडलाइनबाहेर जातो आणि कडेला टेबलावर खाली मान घालून कोणीतरी नोंद करते आहे. ती नोंद करणारी मीच होते. चारपैकी दोन टर्नओव्हर असे होते, की ते मी पास देणाऱ्या मुलीच्या नावावर लिहिले होते आणि ते घेणारीच्या नावावर जायला हवे होते.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे, की नवीन माणूस आकड्याला मोजमाप समजतो, तर पॉइंट गार्डच्या बाबतीतले बरेचसे आकडे हे कोणाचा तरी निर्णय असतात. बास्केट झाली की गुण झाले, त्यात मत नाही. असिस्टमध्ये मात्र मत आहे. पास मिळाल्यावर खेळाडूने दोन ड्रिबल घेऊन, एकाला चकवून बास्केट केली, तर श्रेय पासचे की त्या चकव्याचे, हे टेबलावरचा माणूस क्षणात ठरवतो. नियमसुद्धा सगळीकडे सारखे नाहीत. पास मिळालेल्या खेळाडूवर शॉट घेताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा बिनअडथळा शॉट) यशस्वी केला, तर फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, पद्धतीत पास देणाऱ्याला असिस्ट मिळतो, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये मिळत नाही. शिवाय फिबाचा सामना चाळीस मिनिटांचा आणि एनबीएचा अठ्ठेचाळीस मिनिटांचा, त्यामुळे दोन्हीकडचे 'सामन्यामागे इतके' हे आकडे शेजारी शेजारी ठेवून तुलना करणेच चुकीचे आहे. जुन्या खेळाडूंबद्दल बोलताना आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. एनबीएमध्ये वैयक्तिक स्टीलची (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेल्या चेंडूची) अधिकृत नोंद १९७३-७४ च्या मोसमापासून आणि टर्नओव्हरची १९७७-७८ पासून होऊ लागली. ऑस्कर रॉबर्टसनने १९६१-६२ मध्ये संपूर्ण मोसमाची सरासरी गुण, रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले चेंडू) आणि असिस्ट या तिन्हींत दुहेरी आकड्यात ठेवली हे आपल्याला माहीत आहे, पण ते करताना त्याच्या हातून चेंडू किती वेळा गेला, हे त्या नोंदींत सापडत नाही.

सामन्याचा वेग हा आकड्यामागचा दुसरा मोठा भाग. ३० डिसेंबर १९९० रोजी ओरलँडो मॅजिकच्या स्कॉट स्काइल्सने डेन्व्हर नगेट्सविरुद्ध ३० असिस्ट केले आणि एका सामन्यातला एनबीएचा तो विक्रम अजूनही त्याच्याच नावावर आहे. स्काइल्स उत्तम पासर होता, याबद्दल शंका नाही. पण त्या मोसमात डेन्व्हरचा संघ ठरवून अतिशय वेगाने खेळत होता, सामन्यामागे सरासरी १३० पेक्षा अधिक गुण देत होता आणि त्या दिवशी ओरलँडोचे १५५ गुण झाले. जेथे बास्केटच इतक्या होतात, तेथे असिस्टही वाढणारच. आपल्याकडे साखळी फेरीत दुबळ्या संघाविरुद्ध झालेले बारा असिस्ट आणि उपांत्य फेरीत झोन बचावापुढे (ज्यात प्रत्येक जण माणसाऐवजी आपापली जागा राखतो) झालेले चार असिस्ट यांची सरासरी आठ येते आणि त्या आठमधून त्या मुलाबद्दल काहीच कळत नाही. नेहमी प्रतिस्पर्धी कोण होता, हे आकड्याशेजारी लिहावे.

याचा अर्थ आकडे टाकाऊ आहेत असा मुळीच नाही. गुण काढण्याच्या बाबतीत तर माझा डोळ्यांपेक्षा हिशेबावर जास्त विश्वास आहे, कारण अठरा गुण करणारा खेळाडू गॅलरीला नेहमीच अकरा गुण करणाऱ्यापेक्षा मोठा वाटतो. ट्रू शूटिंग नावाचे एक सोपे गणित आहे: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोंना ०.४४ ने गुणून आलेली संख्या, या बेरजेची दुप्पट करायची आणि तिने गुणांना भागायचे. समजा एका गार्डने वीस शॉट आणि चार फ्री थ्रो घेऊन अठरा गुण केले, तर उत्तर साधारण ४१ टक्के येते. दुसऱ्याने आठ शॉट आणि दोन फ्री थ्रोंमध्ये अकरा गुण केले, तर ते ६२ टक्क्यांच्या आसपास जाते. पहिला खेळाडू संघाच्या संधी खर्च करतो आहे आणि दुसरा त्या राखतो आहे, हे नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाही.

डोळे फसतात हेही मी अनुभवले आहे. सानपाड्याच्या एका खुल्या कोर्टवर एक मुलगा मला इतका आवडला होता, की मी दोन प्रशिक्षकांना फोन करून त्याचे नाव सुचवले. त्याचा क्रॉसओव्हर, म्हणजे ड्रिबल करताना चेंडू झटकन दुसऱ्या हातात घेऊन दिलेला चकवा, पाहून समोरचा बचावपटू अक्षरशः दुसऱ्या दिशेला जात असे आणि लोक टाळ्या वाजवत. नंतर तीन सामने मी तो मैदानात असतानाची आणि बाहेर असतानाची गुणसंख्या वेगवेगळी मांडली, तेव्हा तिन्ही सामन्यांत तो खेळत असताना संघ मागे पडला होता. असा काढलेला प्लस-मायनस हा आकडा इतक्या थोड्या सामन्यांत अजिबात भरवशाचा नसतो, कारण सोबतचे चौघे कोण आणि समोरचे पाच कोण यावर तो हेलकावे खातो, पण त्याने माझ्या मनात शंका पेरली आणि मी पुन्हा पाहायला गेले. तो क्रॉसओव्हर करण्यात शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट घेण्यासाठी मिळणाऱ्या ठरावीक वेळेतले, नऊ-दहा सेकंद घालवत होता, तेवढ्या वेळात बाकीचे चौघे जागच्या जागी उभे राहत होते आणि शेवटी घाईघाईत दिलेल्या पासवर दुसऱ्याला कठीण शॉट घ्यावा लागत होता. हुकलेला शॉट त्या दुसऱ्याच्या नावावर लागत होता.

आता पाहायचे कसे, यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण 'सामने पाहा' हा सल्ला सगळे देतात आणि पाहायचे काय ते कोणी सांगत नाही. एका क्वार्टरभर चेंडूकडे बघणे सोडून द्या आणि फक्त पॉइंट गार्डकडे पाहा, त्यातही चेंडू त्याच्याकडे नसतानाच्या वेळा अधिक बारकाईने पाहा. आपल्या संघाचा शॉट हवेत असताना तो रिबाउंडच्या गर्दीत घुसतो की मागे वळून फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, अडवायला निघतो? स्वतःच्या चुकीनंतर तो पंचांकडे पाहतो की आपल्या माणसाकडे धावतो? प्रतिस्पर्धी बास्केट करतो तेव्हा तो चेंडू मागायला कोठे येतो, रेषेपाशी खोल की दोन पावले पुढे, कडेला? स्क्रीन लागल्यावर, म्हणजे सहकाऱ्याने बचावपटूची वाट अडवल्यावर, त्याची नजर स्वतःच्या बचावपटूवर असते की पलीकडच्या कोपऱ्यातून मदतीला सरकणाऱ्या तिसऱ्या माणसावर? या शेवटच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वजन देते. जो गार्ड तिसऱ्या माणसाला वाचतो, त्याचा पास कधी कधी हुकला तरी चालतो, कारण त्याला योग्य जागा दिसते आहे आणि हात तयार करणे हे सरावाचे काम आहे.

चेंडूशिवायचा परिणाम किती मोठा असू शकतो, याचे ठळक उदाहरण एनबीएतला स्टीफन करी आहे. २०१५-१६ च्या मोसमात त्याचे ४०२ थ्री-पॉइंटर (लांबून घेतलेले तीन गुणांचे शॉट) यशस्वी झाले. अशा शूटरला बचावपटू चेंडू नसतानाही सोडत नाहीत, कित्येकदा दोघे त्याच्यामागे ओढले जातात आणि मोकळ्या झालेल्या जागेतून दुसराच कोणी रिंगजवळून सहज लेअप घेतो. साध्या स्कोअरशीटवर त्या लेअपमध्ये करीचा वाटा कोठेच उमटत नाही. एनबीएने २०१३-१४ पासून सर्व मैदानांवर खेळाडूंचा माग ठेवणारे कॅमेरे बसवले आणि शॉट पडो वा न पडो, त्याआधीचे पासही मोजले जाऊ लागले. आपल्याकडे ते कॅमेरे नाहीत, पण वही आहे. मी असिस्टशेजारी 'पडला असता तर असिस्ट' असा एक रकाना आखते आणि टर्नओव्हरपुढे 'दिला' (चूक पास देणारीची) की 'सांडला' (चूक घेणारीची) याचे एकच अक्षर लिहिते. या दोन रकान्यांनी माझे निम्मे चुकीचे निष्कर्ष थांबवले आहेत.

क्रम मात्र पाळावा. मी आधी सामना पाहते आणि शीट न बघता पाच-सहा ओळी लिहून ठेवते, मग शीट उघडते आणि जेथे माझे मत व आकडा जुळत नाहीत तेवढीच मिनिटे चित्रफितीत पुन्हा पाहते. आधी आकडा पाहिला, की डोळे त्या आकड्याची साक्ष गोळा करत बसतात. मोबाइल गॅलरीत मध्यरेषेच्या समोर, शक्य तितका उंच आणि स्थिर ठेवावा व झूम करू नये. चेंडूमागे फिरणाऱ्या चित्रणात पलीकडची बाजू निसटते आणि पॉइंट गार्डचे अर्धे निर्णय त्या बाजूला पाहूनच घेतलेले असतात. ५ ऑक्टोबर २०१९ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स या एनबीए संघांचा सामना झाला, तेव्हा मी सर्वांत मागच्या रांगेत बसले होते. स्वस्त तिकिटाची ती जागा शिकण्यासाठी मला फार उपयोगी पडली, कारण दहाही खेळाडू एकाच वेळी नजरेत मावत होते.

ज्यांना हे काम शिकायचे आहे, त्यांनी सुरुवात टेबलावरूनच करावी असे मला वाटते. ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांमध्ये आकडे टिपायला माणसे नेहमीच कमी पडतात, तासभर आधी जाऊन आयोजकांना विचारले तर जागा मिळते. एकाने पाहून बोलायचे आणि दुसऱ्याने लिहायचे, अशी जोडी असते. पहिले काही महिने लिहिण्याचे काम घ्या, मग बोलण्याचे. बोलताना घाई होते आणि आपण किती वेळा अंदाजाने 'असिस्ट' म्हणतो, हे तेव्हाच कळते.

सात नंबर दुसऱ्या वर्षी आमच्या संघात आली. गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका संघाविरुद्ध तिच्या नावावर चार असिस्ट आणि पाच टर्नओव्हर लागले, तेव्हा ती स्वतःच म्हणाली, "ताई, आज माझ्यामुळे हरलो." मी तिला काही उत्तर दिले नाही, परतीच्या लोकलमध्ये वही आणि चित्रफीत घेऊन बसले. पाचपैकी दोन सांडलेले होते. एक पास योग्य होता, पण उशिरा निघाला. उरलेले दोन शेवटच्या क्वार्टरमधले होते आणि दोन्ही वेळा बचावपटूने तिला डाव्या बाजूला ढकलल्यावर तिने चेंडू उजव्या हातात परत आणायचा प्रयत्न केला होता. दमली की तिचा डावा हात सुटतो, हे मला त्या दिवसापर्यंत दिसले नव्हते. मंगळवारच्या सरावात शेवटची वीस मिनिटे, म्हणजे पाय जड झाल्यानंतरची, मी तिच्यासाठी फक्त डाव्या हाताच्या ड्रिबलला ठेवली आहेत.