लेखन कौशल्याच्या पेपरात मार्क कुठं जातात? एफवायच्या मुलांनो, या चुका टाळा

ॲडमिशन झालं की पहिल्याच आठवड्यात वर्गातून प्रश्न येतो, मॅडम या पेपरला गाईड कुठलं घ्यायचं? दहावी-बारावीला निबंध पाठ करून लिहिलेला असतो, त्यामुळं कॉलेजात पण तसंच चालणार असं वाटतं. मी सोलापुरात हा विषय शिकवते आणि दरवर्षी बघते की चांगली विचार करणारी मुलं अगदी साध्या साध्या गोष्टींनी मागं राहतात, ज्या कुणी वेळेवर सांगितल्या असत्या तर झाल्याच नसत्या. म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

"नंतर बघू" म्हणून सिलॅबस न उघडणं

पीडीएफ ग्रुपवर येते, अंगठा दाखवून सगळे मोकळे. त्यात इंटर्नलला किती मार्क, किती लेखी कामं, कुठल्या तारखेला, सगळं लिहिलेलं असतं. दोन क्रेडिटचा पेपर असेल तर क्रेडिटला १५ तास धरून सगळे मिळून ३० तास होतात. हा पेपर दुसऱ्या सेमिस्टरला असला की जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत चार तास जातात, मोहोळची नाहीतर अक्कलकोटची एसटी चुकली म्हणून अजून दोन, झाले सहा, म्हणजे पाचवा हिस्सा गेला आणि तो वर्गात बसून लिहिण्याचा होता, नोट्स मागून भरून निघत नाही. यात्रेला जरूर जा, मिरवणुकीतले उंच नंदीध्वज बघायलाच पाहिजेत, पण जायच्या आधी त्या आठवड्यात वर्गात काय लिहून घेणार आहेत ते विचारून ठेवा.

कच्चं लिखाण लपवून ठेवणं

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या चुकीचं. "पूर्ण झालं की दाखवते मॅडम" असं म्हणून मुलं पंधरा दिवस गायब होतात आणि शेवटच्या रात्री बसून चार पानं काढतात, मग सकाळी माझ्या हातात येतं तेव्हा मला फक्त मार्क देता येतात, मदत करायची वेळ निघून गेलेली असते. अर्धं पान आणा, तीन वाक्यं आणा, नुसता विषय घेऊन या, तो सुद्धा पुरतो.

एक उदाहरण सांगते. एका मुलीनं 'बिडी कामगारांच्या समस्या' असा विषय घेतला होता, पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळी वर्तमानपत्री वाक्यं, कामगारांना अनेक समस्यांना तोंड द्यावे लागते, शासनाने लक्ष द्यावे वगैरे. स्टाफरूममध्ये बसवून विचारलं की तुला हा विषय का घ्यावासा वाटला, तर म्हणाली आई बिड्या वळते. मग दहा मिनिटं ती बोलतच राहिली, पानं कशी भिजवतात, कात्रीनं कशी कापतात, कारखान्यात बिड्या मोजून देताना काही नापास म्हणून बाजूला काढल्या की आई घरी येऊन किती वेळ गप्प बसते. यातलं एक अक्षर तिच्या कागदावर नव्हतं! मी म्हटलं आत्ता बोललीस ते लिही, बाकी आपण नंतर बघू. दुसरा ड्राफ्ट आला तो मी दोनदा वाचला.

तिनं ते आधी का नाही लिहिलं? कारण घरची भाषा तेलुगू, मराठीत चुका होतील म्हणून तिनं तयार वाक्यं उचलली होती. सोलापुरात एका बाकावर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी घरातली मुलं शेजारी शेजारी बसतात, आणि अर्ध्या मुलांना वाटतं आपली भाषाच बिघडलेली आहे. तसं नाही हो. तेलुगूत 'ती आली' आणि 'ते आलं' याला क्रियापद एकच असतं, म्हणून लिहिताना 'आई आलं' होऊन जातं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, म्हणून 'गाडी सुटलं'. कारण कळलं की चूक सापडते. लिहून झाल्यावर एक वाचन फक्त यासाठी ठेवा, प्रत्येक नामावर पेन्सिलनं तो, ती, ते लिहायचं आणि त्याचं क्रियापद जुळतं का बघायचं. लिहिता लिहिता मात्र हे तपासत बसू नका, विचार तुटतो. आणि घरात तेलुगू आहे म्हणून शरमायचं तर मुळीच नाही, तुमच्याकडं एक भाषा जास्तीची आहे.

विषय केवढा, पानं किती

'सोलापूरचा वस्त्रोद्योग' हा विषय ८०० शब्दांत मावत नाही, मग पहिलं वाक्य येतं "सोलापूर हे चादरींसाठी प्रसिद्ध शहर आहे" आणि पुढं सगळं इकडून तिकडून. त्यापेक्षा तुमच्या गल्लीतला एक पॉवरलूमचा कारखाना बंद का पडला, किंवा काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा घरात कोण उठतं आणि कोणाचा अभ्यास बुडतो, असा विषय घ्या. अशा विषयावर तुम्हाला विचारायला माणसं सापडतात.

शेऱ्यातलं फक्त सोपं तेवढं दुरुस्त करणं

मी ड्राफ्टवर दोन प्रकारचे शेरे लिहिते. ऱ्हस्व-दीर्घच्या खुणा असतात आणि कडेच्या मोकळ्या जागेत "हे कशावरून?" असा प्रश्न असतो. दुसऱ्या ड्राफ्टमध्ये वेलांट्या सगळ्या दुरुस्त होऊन येतात, प्रश्न तसाच उभा. मार्क मुख्यतः त्या प्रश्नात असतात. शेरा कळला नाही तर येऊन सांगा की मॅडम कळलं नाही, यात कमीपणा काही नाही, कधी कधी मीच घाईत लिहिलेलं असतं.

कुठून घेतलं ते न लिहिणं, आणि न तपासता लिहिणं

स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांचे पुतळे सोलापुरात आपण येता-जाता बघतो, तरी दरवर्षी एक-दोन पेपरात येतं की त्यांना सोलापुरात फाशी दिली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी झाली. आपल्याच गावाची गोष्ट आपण तरी चुकीची लिहू नये. मराठी विश्वकोश मोबाईलवर फुकट वाचता येतो, आधी तिथं बघा, आणि वाचतानाच वहीत नोंद करा कुठल्या नोंदीतून काय घेतलं, कारण शेवटच्या रात्री ते आठवत नाही आणि मग ते कॉपी म्हणून पकडलं जातं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, कॉपीबद्दलचे २०१८ चे नियम पीजीच्या प्रबंधाला आणि पीएचडीला लागतात, तिथं दुसऱ्याच्या लिखाणाशी १० टक्क्यांच्या वर साम्य गेलं की कारवाई सुरू होते आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द, म्हणजे सवय आत्ताच लागलेली बरी. एआयचं पण तेच, किती चालतं ते तुमच्या सरांना-मॅडमना आधी विचारा. आख्खा निबंध त्याच्याकडून आणलात तर मला तुमची अडचणच कळत नाही, मग मी शिकवू काय?

फाईल उघडत नाही

झेरॉक्सच्या दुकानात टाईप करून घेता तिथं बऱ्याचदा जुन्या फॉन्टमध्ये करतात, माझ्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरं आणि खुणा दिसतात. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असं करा म्हणून सांगा आणि सोबत पीडीएफ पण घ्या. मोबाईलवर गूगल डॉक्समध्ये लिहिलंत तर अजून चांगलं, आधीचे ड्राफ्ट त्यात आपोआप राहतात, उद्या कुणी विचारलं हे तूच लिहिलंस का तर दाखवता येतं.

मदत असते हे माहीतच नसणं

वाचताना अक्षरं उलटसुलट होतात, लिहायला फार वेळ लागतो असं लहानपणापासून असेल तर तो आळस नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जास्तीची मिळू शकतात, लेखनिकही मिळू शकतो, पण अर्ज परीक्षेच्या बराच आधी द्यायला लागतो. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आणि तारीख चुकलीच तर वर्गाला दांडी मारून तोंड लपवू नका, त्याच दिवशी मेसेज करा. काय लिहायचं सुचत नसेल तर हे घ्या: "मॅडम, माझा दुसरा ड्राफ्ट आज द्यायचा होता, पूर्ण झालेला नाही. दीड पान झालंय, शेवट जमत नाहीये. ते दीड पान घेऊन उद्या ११ ला स्टाफरूममध्ये येऊ का?"