शांत चॅटरूम बोलती करायची असेल तर: नव्या ॲडमिनसाठी

रूम कशी उघडायची, परवानग्या कुठे लावायच्या, बॉट कसा जोडायचा, एवढं तुम्हाला येतं असं गृहीत आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. यादीत दीडशे नावं दिसतात, शेवटचा मेसेज परवाचा असतो आणि तोही तुमचाच. अशा वेळी आधी स्वतःवर संशय येतो, मग सदस्यांवर. दोन्ही सोडून द्या. ज्यांना रस नसतो ते निघून जातात, राहिलेल्यांना काहीतरी हवं असतं. बहुतेक शांत रूममध्ये दोष मांडणीचा असतो: बोलायची इच्छा असलेली दोन माणसं एका जागी, एका वेळी भेटतच नाहीत.

थोडं गणित करू. समजा ८० सदस्य आहेत. त्यातले ४० रोज डोकावतात, प्रत्येकी १२ मिनिटं. म्हणजे दिवसभराची हजेरी ४८० मिनिटं. जागेपणाचे १६ तास धरले तर ९६० मिनिटं होतात. भागाकार करा: कुठल्याही क्षणी रूममध्ये सरासरी अर्धा माणूस. रोज चाळीस जण येणारी रूम चांगली जिवंत म्हणायला हवी, पण आत येणाऱ्याला ती रिकामीच दिसते. आता हीच माणसं आठ चॅनेलांत, म्हणजे विषयवार वेगळ्या भागांत, वाटा. प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला माणसाचा सोळावा हिस्सा. उलट, त्या ४० पैकी २० जणांनी आपली १२ मिनिटं एकाच तासात आणली, तर त्या तासात एका वेळी सरासरी चार जण हजर असतात. चार जणांत गप्पा सहज होतात.

पुढचं सगळं या हिशोबातून निघतं. म्हणून पहिल्या सापळ्यावर जरा जास्त बोलू, कारण नवा ॲडमिन हमखास तिथेच अडकतो.

हा सापळा म्हणजे जास्त चॅनेल. कोणाला तरी वेगळा विषय सुचतो, तुम्ही उत्साहाने चॅनेल काढून देता. मोठ्या सर्व्हरची (एका समूहाच्या सगळ्या चॅनेलांच्या संचाची) रचना नीटनेटकी दिसते, म्हणून तीच उतरवता. ‘सर्वसाधारण’, ‘मदत’, ‘ओळख’, ‘संसाधनं’, ‘अवांतर’, ‘सूचना’, ‘फोटो’, ‘घोषणा’ असं करत आठ होतात. त्यानंतर काय घडतं ते क्रमाने बघा. नवा माणूस तीन-चार चॅनेल उघडतो, प्रत्येकात जुनी तारीख बघतो आणि इथे कोणी नाही असं ठरवून बंद करतो. जुन्या माणसाला काही लिहायचं असतं, पण ते ‘मदत’मध्ये बसतं की ‘अवांतर’मध्ये हे कळत नाही. चुकीच्या जागी लिहिण्यापेक्षा तो लिहीतच नाही. तरीही कोणी धीर करून लिहिलं, तर एखादा मॉडरेटर येऊन सांगतो, ‘हे इथे नको, तिकडे टाका.’ मोठ्या रूममध्ये ही शिस्त लागते. छोट्या रूममध्ये या एका वाक्याने माणूस कायमचा गप्प होतो. मॉडरेटरला हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा: दोनशेच्या आतल्या रूममध्ये विषयांतर हा गुन्हा नाही.

काही वेळा अ‍ॅपच तुम्हाला या दिशेने ढकलतं. डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपची ऑनबोर्डिंग सुविधा (नव्या सदस्याला वाट दाखवणारी) चालू करायला किमान ७ डीफॉल्ट चॅनेल लागतात आणि त्यातल्या किमान ५ चॅनेलांत सर्वांना लिहिता आलं पाहिजे. हजारोंच्या सर्व्हरला ही अट रास्त आहे. साठ माणसांच्या सर्व्हरवर केवळ ती अट भागवायला सात चॅनेल उघडू नका. ती सुविधा नसल्याने तुमचं काही अडणार नाही.

चॅनेल कमी करायची असतील तर सगळी एकाच दिवशी करा. हप्त्याहप्त्याने बंद केली की दर वेळी ‘अजून एक बंद पडलं’ अशी बातमी होते. आधी कागदावर प्रत्येक चॅनेलसमोर दोन गोष्टी लिहा: शेवटच्या मेसेजची तारीख आणि गेल्या ३० दिवसांत तिथे बोललेली वेगवेगळी माणसं. मेसेजची संख्या मोजू नका. दोघांच्या वादाने ती सहज फुगते. पाचपेक्षा कमी माणसं बोललेली सगळी चॅनेल मुख्य रूममध्ये मिळवा. त्यातले कामाचे दहा-बारा जुने मेसेज शोधून त्यांचे दुवे एका पिन केलेल्या मेसेजमध्ये ठेवा. मग जुनं चॅनेल फक्त वाचण्यापुरतं ठेवा आणि यादीच्या तळाशी न्या. स्लॅक या अ‍ॅपमध्ये संग्रहात टाकलेलं चॅनेल शोधात सापडत राहतं, तिथे तेच करा. पुसून मात्र टाकू नका. लोकांनी मेहनतीने लिहिलेली उत्तरं गायब झाली की ते पुन्हा लिहीत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असतं.

शंभराच्या आत सदस्य असतील तर एक बोलायची रूम आणि एक घोषणांची, एवढं पुरे. मुख्य रूममध्ये आठवड्यात तीन-चार दिवस दोन संभाषणं एकमेकांत घुसायला लागली की दुसरी रूम उघडा, त्याआधी नको. उघडतानाच जाहीर करा: १४ दिवसांत तीन वेगवेगळी माणसं इथे बोलली नाहीत तर ही रूम परत मुख्य रूममध्ये मिसळली जाईल.

जागेनंतर वेळ. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात आयआरसी ही चॅटची जुनी व्यवस्था लिहिली, तेव्हापासून हा प्रश्न तसाच आहे. आयआरसीच्या मूळ रचनेत सर्व्हर जुने मेसेज साठवून ठेवत नाही. नवा माणूस येतो, ‘हॅलो’ म्हणतो, पाच मिनिटं थांबतो, निघून जातो. चाळीस मिनिटांनी कोणीतरी उत्तर देतं, पण ते ऐकायला तो नसतो. म्हणून तिथल्या चॅनेलांच्या विषय-ओळीत ‘विचारू का, असं विचारू नका, थेट विचारा आणि थांबा’ अशा सूचना दिसतात. आज बहुतेक अ‍ॅप मेसेज साठवतात, तरी माणसाची अपेक्षा तीच, पाच मिनिटांची. तुमच्या रूमच्या वर्णनात एक ओळ लिहा: ‘प्रश्न टाकून ठेवा, उत्तर साधारण त्याच दिवशी मिळतं.’ ही ओळ खरी ठेवणं तुमचं काम. कोणी उत्तर दिलं नाही तर तुम्ही द्या. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न स्पष्ट करणारा एक प्रतिप्रश्न विचारा.

त्यासोबत आठवड्यातला एक तास ठरवा. वार तोच, वेळ तीच, विषय आधी जाहीर, आणि त्या तासात तुम्ही स्वतः हजर. दोनदा-तीनदा फक्त दोघे-तिघेच येतील. चालू ठेवा. वेळ बदलत राहिलात तर लोकांच्या डोक्यात ती बसतच नाही. सदस्य वेगवेगळ्या देशांत असतील तर सगळ्यांच्या सोयीचा तास शोधत बसू नका, दोन वेगळे तास ठेवा.

नोटिफिकेशनबद्दल एक कडक इशारा. ‘सर्वांना’ उल्लेख करून रूम जागी करायचा मोह रोज होईल. करू नका. वैतागून लोक रूम म्यूट करतात. रूम म्यूट केलेला माणूस यादीत राहतो, आकड्यात दिसतो आणि तुमचं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्यूट पुन्हा उघडायला कोणी जात नाही. त्याऐवजी ज्यांना हवी त्यांनी स्वतः घ्यायची अशी एक भूमिका (रोल) ठेवा, समजा ‘साप्ताहिक तास’, आणि उल्लेख फक्त तिचा करा. तसंच ‘अमुक सामील झाले’ सांगणारे आपोआप मेसेज आणि बातम्या ओतणारे बॉट मुख्य रूममधून आजच काढा. न वाचलेल्या मेसेजची खूण बघून माणूस आत येतो, बॉटचा मेसेज बघतो, परत जातो. असं चार-पाच वेळा झालं की त्या खुणेकडे बघणं थांबतं. रूम छोटी असेल तर नव्या सदस्यांसाठी डीफॉल्ट ‘सर्व मेसेज’ ठेवायला हरकत नाही. दिवसाला वीस मेसेजांचा त्रास कोणाला होत नाही.

आता दार. डिस्कॉर्डमध्ये पडताळणीची पातळी ‘उच्च’ ठेवली तर नव्या सदस्याला आल्यापासून १० मिनिटं लिहिता येत नाही. वरचं गणित आठवा: तो एकूण थांबतो जवळपास तेवढाच वेळ. स्पॅमचा हल्ला होत असेल तर पातळी वाढवा, एरवी ‘निम्न’ पुरेशी आहे. त्यात फक्त ईमेलची पडताळणी लागते. स्लो मोड (दोन मेसेजांमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सेटिंग) शांत रूममध्ये कशालाच लागत नाही, बंद करा. नियम पाच ओळींत बसवा. ‘ओळख’ नावाचं वेगळं चॅनेल मुळीच नको. तिथे माणूस एक मेसेज लिहितो, त्याला उत्तर येत नाही आणि त्याचा इथला पहिला अनुभव दुर्लक्षाचा ठरतो. ओळख मुख्य रूममध्येच होऊ द्या आणि तिला नावाने उत्तर द्या. ‘स्वागत’ एवढंच लिहू नका. त्याने लिहिलेल्या एखाद्या तपशिलाला धरून एक प्रश्न विचारा.

जुने मेसेज नव्यांना दिसतात का, हेही तपासा. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये नव्या सदस्यांसाठी जुना इतिहास दाखवायचा की लपवायचा याची सेटिंग असते. ती लपवलेली राहिली तर येणाऱ्याला कोरा पडदा दिसतो.

वाहत्या रूममध्ये कोणताही मेसेज काही मिनिटांत वर सरकतो. शांत रूममध्ये शेवटचा मेसेज दोन-दोन दिवस तिथेच असतो. तीच त्या रूमची दारावरची पाटी. ती अनुत्तरित प्रश्नाची किंवा तुमच्या त्रासलेल्या ‘कोणी आहे का?’ची नको. रात्री रूम सोडताना शेवटचा मेसेज असा ठेवा की त्याला एका ओळीत उत्तर देता येईल. ‘या विषयावर तुमचं मत काय?’ हा वाईट प्रश्न, कारण त्याला निबंध लागतो. ‘तुम्ही नोट्स हाताने काढता की टाइप करता, आणि का?’ हा चांगला. उत्तर प्रत्येकाकडे आहे, ते चुकीचं असू शकत नाही, आणि दोन बाजू असल्याने दुसऱ्याला पुढे बोलायला जागा राहते. तुमचे स्वतःचे मेसेजही छोटे ठेवा. ॲडमिन चार परिच्छेद लिहितो तेव्हा बाकीच्यांना वाटतं, इथे एवढं जमल्याशिवाय लिहू नये.

काही गळत्या बाहेरून दिसत नाहीत. थ्रेडमध्ये, म्हणजे एखाद्या मेसेजखाली उघडणाऱ्या वेगळ्या धाग्यात, संभाषण गेलं की मुख्य रूम गप्प दिसते. छोट्या रूममध्ये थ्रेड टाळा. स्लॅकमध्ये थ्रेडचं उत्तर चॅनेलमध्येही पाठवायचा पर्याय असतो, तो वापरायची सवय लावा. झुलिप या अ‍ॅपमध्ये मात्र चॅनेलमधल्या संभाषणाला विषयाचं नाव असतं, त्यामुळे तीन दिवसांनी दिलेलं उत्तरही जागच्या जागी बसतं. सदस्य वेगवेगळ्या वेळी येणारे असतील तर ही रचना खरोखर उपयोगी आहे. इमोजी प्रतिक्रिया चांगल्या, पण बहुतेक अ‍ॅपमध्ये त्यांनी रूम ‘न वाचलेली’ होत नाही. म्हणून निदान तुम्ही तरी अंगठ्याऐवजी एक ओळ लिहा. सगळ्यात मोठी गळती म्हणजे मॉडरेटरांची खाजगी रूम. सर्वांत बोलकी माणसं तिथे रंगलेली असतात आणि बाहेर शांतता. खाजगी रूम फक्त तक्रारी आणि बंदीच्या निर्णयांपुरती ठेवा. अनुभवी मार्गदर्शक ‘मला वैयक्तिक मेसेज करा’ म्हणतात तेव्हाही असंच होतं. हेतू चांगला असतो, पण त्यांचं ज्ञान एकाच्याच इनबॉक्समध्ये जातं. त्यांना विनंती करा: उत्तर रूममध्येच द्या, गोपनीय भाग तेवढा वगळा.

शॉर्टकटबद्दल माझं मत ठाम आहे. मेसेजमागे गुण देणारे लेव्हल बॉट लावले की ‘गुड मॉर्निंग’चा पूर येतो आणि ज्याला खरं बोलायचंय तो त्यात बुडतो. बक्षिसांच्या सोडतीने आलेली माणसं सोडत संपली की जातात. प्रत्येक प्रश्नाला क्षणात उत्तर देणारा एआय बॉट मुख्य रूममध्ये ठेवू नका. माणसांना बोलायचं कारणच तो काढून घेतो. बनावट खात्यांनी गप्पा मारायचा सल्ला देणारे रेडिट या दुवे पोस्ट करायच्या साइटचं उदाहरण देतात. सुरुवातीला रेडिटच्या संस्थापकांनी बनावट नावांनी पोस्ट टाकल्या, हे त्यांच्यापैकीच स्टीव्ह हफमन यांनी स्वतः सांगितलं आहे. पण तिथे दुव्याचं मूल्य पोस्ट करणाऱ्यावर अवलंबून नव्हतं. चॅटमध्ये माणूस माणसाशी बोलायला येतो. समोरची व्यक्ती खोटी होती हे एकदा कळलं की तुमच्यावरचा विश्वास परत मिळत नाही.

आकड्यांनी खचू नका. वेबसाइटांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ साली मांडलेला ढोबळ नियम असा की ऑनलाइन समूहांत शंभरातले सुमारे ९० फक्त वाचतात, ९ अधूनमधून भर घालतात आणि एक जण बहुतेक सगळं लिहितो. तुमच्या ८० पैकी आठ-नऊ जण नियमित बोलत असतील तर रूम ठीक चालली आहे. वाचणाऱ्यांना ‘गप्प का?’ असं कधीही विचारू नका.

आठवड्यातून एकदा हाताने तीन आकडे लिहा: किती वेगवेगळी माणसं बोलली, पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांपैकी कितींना त्याच दिवशी उत्तर मिळालं, आणि एकूण मेसेजांत तुमचा वाटा किती. दुसरा आकडा शंभर टक्क्यांवर ठेवणं पूर्ण तुमच्या हातात आहे, म्हणून आधी तोच धरा. तिसरा सुरुवातीला निम्मा असला तरी घाबरू नका, महिन्यागणिक तो उतरायला हवा. सहा आठवडे आकडे हलले नाहीत तर नवं चॅनेल किंवा नवा बॉट शोधू नका. साप्ताहिक तासाला आलेल्या दोघा-तिघांना थेट विचारा की ते इथे कशासाठी येतात, आणि रूमचं नाव, वर्णन आणि पिन केलेला मेसेज त्यांच्या उत्तराप्रमाणे पुन्हा लिहा.