पाठांतर झालं म्हणजे नाटक हाती आलं असं नाही: न्यूयॉर्कच्या स्पॅनिश रेपर्टरीत शिरणाऱ्यांसाठी

मॅनहॅटनमध्ये ईस्ट २७व्या स्ट्रीटवर, लेक्सिंग्टन आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या मध्ये, ग्रॅमर्सी आर्ट्स थिएटर आहे. हिल्बेर्तो साल्दिवार आणि रेने बुच या दोन क्यूबन मंडळींनी १९६८ साली काढलेली ‘रेपेर्तोरियो एस्पान्योल’ ही संस्था १९७२पासून इथे नाटकं करते आहे. थिएटर दीडशेच्या आसपास खुर्च्यांचं, रंगमंच आटोपशीर. इथे किंवा अशा घरात काम करायची इच्छा असलेल्या, स्पॅनिश येणाऱ्या आणि रंगमंचावर आधी उभं राहिलेल्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. तालीम म्हणजे काय, नेपथ्य म्हणजे काय, हे पुन्हा सांगत बसत नाही.

शहरातलं प्रत्येक स्पॅनिश थिएटर रेपर्टरी नसतं, हे आधी नीट समजून घ्या. क्वीन्समधल्या सनीसाइडचं थालिया, ब्राँक्सचं प्रेगोनेस (जे पुढे मिरियम कोलोन यांच्या १९६७च्या प्युर्टो रिकन ट्रॅव्हलिंग थिएटरमध्ये विलीन होऊन एकत्र संस्था झाली) ही सगळी महत्त्वाची घरं आहेत. पण काही आठवडे सलग एकच नाटक करणं वेगळं आणि एका महिन्यात तीन-चार नाटकं फिरवत ठेवणं, म्हणजे रेपर्टरी, वेगळं. गंधर्व नाटक मंडळीसारख्या कंपन्या एका मुक्कामात आज हे, परवा ते असं करायच्या, तोच हा प्रकार. आपल्याकडेही आज नट दोन-तीन नाटकं एका वेळी करतात. पण तिथे निर्माता वेगळा, सेट वेगळा, समोरचा नट वेगळा. इथे सहकलाकार तेच, रंगमंच तोच, दिवेही बरेचसे त्याच जागी टांगलेले. फक्त नाटक बदलतं. नवखा माणूस फसतो तो इथेच.

लोकांना भीती असते पाठांतराची. पाठांतर होतंच. भीती बाळगायची तर नाटकं एकमेकांत मिसळण्याची बाळगा. शब्द सहसा मिसळत नाहीत, मिसळते ती नाटकाची भाषा, आणि ती इतकी हळूच मिसळते की बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

स्पॅनिश नाटककार लोर्काचं ‘ला कासा दे बेर्नार्दा आल्बा’ घ्या. १९३६ साली लिहिलेलं, ब्वेनोस आयरेसला १९४५ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलेलं. त्यात मुली आईला, बेर्नार्दाला, ‘उस्तेद’ म्हणतात, म्हणजे आपलं अहो-जाहो. पण तीस वर्षं त्या घरात राबलेली मोलकरीण पोन्सिया मालकिणीला सरळ ‘तू’ म्हणते. सगळं नाटक या उलट्या उतरंडीवर उभं आहे. आता दुसऱ्या दिवशी कार्मेन रिवेराचं ‘ला ग्रिंगा’ असतं. १९९६पासूनचं हे नाटक न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या, प्युर्टो रिकोला आपली मुळं शोधायला गेलेल्या मुलीचं आहे. त्यातला घरगुती, मोकळा ‘तू’ तीन-चार प्रयोगांनी जिभेत मुरतो आणि बेर्नार्दाच्या मुलीच्या तोंडून आईसमोर निसटतो. वाक्य बरोबर, अर्थ बरोबर, प्रॉम्प्टरही गप्प. पण बेर्नार्दाचा धाक त्या एका सर्वनामात होता, तो गेला. मराठी प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुलगी वडिलांना मध्येच अरे-तुरे करून गेली तर आपल्या थिएटरात शेवटची रांगही दचकेल.

हीच गोष्ट पद्यात आणखी महाग पडते. सतराव्या शतकातल्या काल्देरोनचं ‘ला विदा एस स्वेन्यो’ बहुतांशी आठ अक्षरांच्या ओळींवर चालतं आणि नायक सेगिस्मुंदोची स्वगतं दहा-दहा ओळींच्या ‘देसिमा’त आहेत. लघु-गुरू विसरा, इथे अक्षरं मोजायची. शब्दाच्या शेवटी स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीला स्वर आला की दोन्ही मिळून एक अक्षर. ओळ आघात असलेल्या अक्षरावर संपली की मोजणीत एक वाढवायचं. आता पहिल्या स्वगतातली ही ओळ: ‘आपेनास एस फ्लोर दे प्लूमा’. आ-पे-नास-एस-फ्लोर-दे-प्लू-मा, आठ. कॅरिबियन बोलीत शब्दाअखेरचा ‘स’ पुसट होतो किंवा गळतो. बोलीच्या नाटकात ते हवंच असतं. पण ती सवय काल्देरोनमध्ये आली की ‘आपेना ए फ्लोर’ होतं, दोन स्वर समोरासमोर येऊन चिकटतात आणि ओळ सात अक्षरांची होते. नट मग नकळत कुठेतरी श्वास ओढून ती भरून काढतो. एक ओळ गेली तर कळत नाही. दहा ओळींत चार गेल्या की सगळी देसिमा लंगडते आणि समोरचा नट आपली ओळ कुठून उचलायची ते चाचपडत राहतो. सांतो दोमिंगोचा, बोगोताचा, माद्रिदचा नट एकाच रंगमंचावर असतो. सगळ्यांनी माद्रिदसारखं बोलावं असा आग्रह चुकीचा आहे, पण ‘स’ कुठे ठेवायचा आणि कुठे सोडायचा हे त्या त्या नाटकापुरतं ठरलेलं असलंच पाहिजे.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. प्रत्येक नाटकाची संहिता वेगळ्या वहीत ठेवा. पहिल्या पानावर संवादांच्या आधी एक तक्ता करा: कोण कोणाला ‘तू’, कोण कोणाला ‘उस्तेद’, कुठे ‘वोसोत्रोस’ (स्पेनमधलं अनेकवचनी ‘तुम्ही’), ‘स’चं काय करायचं. पद्य असेल तर प्रत्येक ओळीत जुळणाऱ्या स्वरांखाली पेन्सिलीने कंस काढा. नाटक दोन आठवड्यांच्या खंडानंतर परत येणार असेल तर तीन दिवस आधी फक्त तो तक्ता आणि आपले प्रवेश वाचा. आदल्या दिवशी सहकलाकारांबरोबर ‘इतालियाना’ करा, म्हणजे भाव बाजूला ठेवून दुप्पट वेगाने नुसते संवाद. वेग वाढवला की मिसळलेलं लगेच उघडं पडतं. प्रयोगाच्या दिवशी एन्ट्री-एक्झिट, हातात येणाऱ्या-जाणाऱ्या वस्तू आणि मारामारी असेल तर ती पूर्ण वेगाच्या आधी एकदा संथ गतीने, रंगमंचावरच. घरी खोलीत केलेलं धरू नका.

आणि रेकॉर्डिंग ऐकून पाठ करू नका. सगळे हा सल्ला देतात, सगळे चूक आहेत. रेकॉर्डिंगमधून संवाद येतात आणि त्याबरोबर दुसऱ्याचा उच्चार, दुसऱ्याचे थांबे येतात, ते मग निघत नाहीत. ‘न्यूट्रल स्पॅनिश’ शिकवणाऱ्या महागड्या वर्गांबद्दलही माझं मत वाईट आहे. नाटकात न्यूट्रल कोणी बोलत नाही. गुरू शोधायचा तर मुख्य भूमिकेतल्या नावाजलेल्या नटामागे लागू नका. दुसऱ्याची भूमिका ऐनवेळी उचलणारा नट किंवा स्टेज मॅनेजर गाठा. कुठलं नाटक कुठे सुटतं हे त्यांना माहीत असतं.

मराठी जिभेचा फायदा आहे, तो ओळखा. स्पॅनिशचे त-द आपल्यासारखेच दातांना लागतात, प-त-क मध्ये हवा सुटत नाही. इंग्रजीत वाढलेल्यांना यावर महिने घालवावे लागतात. आपल्याला त्रास होतो आघाताचा. ‘तेर्मिनो’ हा शब्द आघात कुठे येतो त्यावर तीन वेगळे अर्थ देतो. मराठीत अशी सवय नाही, म्हणून वहीत प्रत्येक शंकेच्या शब्दावर आघाताची खूण करा.

पडद्यामागे जाणाऱ्यांसाठीही हेच, फक्त वस्तूंच्या भाषेत. प्रत्येक नाटकाची जमिनीवरची टेप वेगळ्या रंगाची. लाइट बोर्डवर प्रत्येक नाटकाची वेगळी फाइल, आणि प्रेक्षक आत यायच्या आधी पहिले तीन क्यू चालवून बघायचे, कारण कालची फाइल उघडी राहणं ही सगळ्यात सामान्य चूक आहे. प्रॉपर्टीच्या टेबलावर कागद पसरून वस्तूंच्या आकृती काढा. रिकामी आकृती दिसली की वस्तू कुठेतरी राहिली.

इंग्रजी उपशीर्षकांचं काम नवख्याला तुलनेने लवकर मिळतं. दोन ओळी, ओळीला ३५ ते ४० अक्षरं, त्याहून जास्त नाही. विनोदाचं वाक्य फोडून टाका. हशा आणणारा शेवट नटाने उच्चारल्यावरच दिसला पाहिजे, नाहीतर वाचणारे अर्धे प्रेक्षक आधी हसतात आणि नटाचं वाक्य त्या हशात बुडतं. नटाने मधल्या ओळी गाळून उडी मारली तर पुढचं वाक्य शोधत भराभर ओळी पळवू नका. उपशीर्षकांचा पडदा कोरा करा, नट पुन्हा सापडला की सुरू करा.

ऑडिशनला साधारण दोन उतारे लागतात, एक पद्यातला आणि एक आजचा, प्रत्येकी दीड-दोन मिनिटं. निवड झाली नाही तरी हिरमुसू नका. भूमिका बदलत राहतात, त्यामुळे रेपर्टरीत जागा पुन्हा निघते.

पैशाबद्दल मात्र स्वतःला फसवू नका. नवख्याला यावर न्यूयॉर्कचं भाडं निघत नाही. शाळांसाठीचे प्रयोग दिवसा, बाकीचे संध्याकाळी, त्यामुळे नऊ ते पाचची नोकरी जमत नाही. शिफ्ट बदलून मिळणारं काम शोधा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर कॅम्पसबाहेर काम करायला साधारणपणे सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम) किंवा ओपीटी (शिक्षणाच्या विषयातलं प्रत्यक्ष काम) यांची परवानगी लागते. ‘मानधन नको’ म्हटल्याने प्रश्न सुटतोच असं नाही. होकार देण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या, आणि ते येईपर्यंत तालमीची तारीख स्वीकारू नका.