मिशनसाठी स्पॅनिश शिकायला निघालात? या चुका टाळा

नगर रोडला रामवाडीच्या आसपास रिक्षावाल्याला नुसतं ‘सेमिनरी’ म्हणून चालत नाही, तो ‘कुठली?’ असं विचारतो. पेपल सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी संस्था, १९५५ साली श्रीलंकेतल्या कँडीहून इथे आली, आणि आज या पट्ट्यात धर्मसंघांची घरंही बरीच आहेत. तिथून, शिवाय कॅम्प, घोरपडी, वानवडीतल्या पॅरिशमधून, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांतून, अधूनमधून कुणीतरी बोलिव्हिया, पेरू नाहीतर पॅराग्वेला मिशनवर निघतं आणि जायच्या आधी पायाभूत स्पॅनिशसाठी माझ्याकडे येतं. कुणी ब्रदर, कुणी सिस्टर, कुणी वर्ष-दोन वर्षं सेवेला जाणारा साधा पोरगा. इथे थोडं शिकायचं, तिकडे भाषासंस्थेत काही महिने काढायचे आणि मग थेट गावात, असा क्रम असतो. बोलिव्हियात कोचाबांबाला मेरीनॉल मिशनऱ्यांनी १९६०च्या दशकात काढलेली भाषासंस्था यासाठी नावाजलेली. परदेशी मिशनरी तिथे स्पॅनिशसोबत केचुआ आणि आयमारा या तिथल्या मूलनिवासी भाषाही शिकत आले.

मुलं हुशार असतात, पण अडकतात ठरलेल्या जागी. त्यातल्या निम्म्याहून जास्त चुकांचं मूळ एकच आहे: घरात मराठी बोलणारी मुलं स्पॅनिशकडे इंग्रजीतून जातात. स्वारगेटहून साताऱ्याला निघायचं आणि वाटेत दादर करायचं, असला हा प्रकार.

चूक: मनात इंग्रजी वाक्य जुळवून मग बोलणं

सगळ्यात महागात पडणारी ही चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

‘मला आंबा आवडतो’ याला स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’. आपल्याकडे ‘आवडतो’चं ‘आवडतात’ होतं, अगदी तसंच. क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे बदलतं, माणूस बाजूला ‘मला’ म्हणून उभा राहतो. मराठी पोराला यात शिकण्यासारखं जवळजवळ काही नाही. तरी तो ‘यो गुस्तो’ म्हणतो, कारण डोक्यात ‘आय लाइक’ चाललेलं असतं. डोकेदुखीचंही तसंच: ‘मे दुएले ला काबेसा’, म्हणजे शब्दशः ‘मला डोकं दुखतंय’.

भूतकाळात तर इंग्रजी पार गोंधळ घालते. ‘काल मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) गेलो’ आणि ‘लहानपणी दर रविवारी मिस्साला जायचो’ यांतला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. पहिल्याला ‘फुई’, दुसऱ्याला ‘इबा’. ‘गेलो’ म्हणायचं की ‘जायचो’, एवढंच स्वतःला विचारा, दहापैकी आठ वेळा उत्तर बरोबर येईल.

राहिलं सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-आशा सांगणारं क्रियापदाचं रूप, ज्याच्या नावानं वर्गात सगळ्यांचे चेहरे पडतात. ते रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्या तोंडात असतंच. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘तुझे राज्य येवो’ म्हणतो, तिथे स्पॅनिशमध्ये ‘बेंगा’ येतं. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ला ‘आगासे’. आपलं ‘येवो-होवो’ आणि त्याच्या शेजारचं ‘यावं-व्हावं’ म्हणजेच ते रूप. ‘तुम्ही यावं अशी माझी इच्छा आहे’ हे ‘किएरो के उस्तेद बेंगा’. इंग्रजीवरून गेलेला विद्यार्थी इथे ‘किएरो उस्तेद बेनीर’ असं काहीतरी बांधतो आणि समोरचा भला माणूस समजून घेतो. समजून घेतात, म्हणूनच ती चूक वर्षानुवर्षं टिकते. निरोप घेताना लोक ‘के ले बाया बिएन’ म्हणतात, म्हणजे तुमचं चांगलं होवो. यातलं ‘बाया’ही त्याच घरातलं.

उच्चारातही हेच. स्पॅनिश त आणि द दातांवर जीभ टेकवून येतात, आपल्यासारखेच. इंग्रजी माध्यमाची मुलं रोमन अक्षर पाहून ‘टेंगो’, ‘डोंडे’ करतात. म्हणा ‘तेंगो’, ‘दोंदे’. व्ही लिहिलेला दिसला तरी बहुतेक ठिकाणी उच्चार ‘ब’, आणि एच मुका. पहिला महिनाभर वहीत उच्चार देवनागरीत लिहा असं मी सांगतो. काही शिक्षकांना हे पटत नाही, आणि महिन्यानंतरही तेच करत बसलात तर त्यांचंच खरं. दुहेरी आर जमत नसेल तर ‘चिमणी भुर्रकन उडाली’ मोठ्यानं म्हणा. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’, ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा.

चूक: मराठीवर डोळे मिटून विसंबणं

मराठी सगळीकडे तारत नाही. लिंगांची कल्पना आपल्याला आहे, पण वाटणी वेगळी. आपला हात पुल्लिंगी, त्यांची ‘मानो’ स्त्रीलिंगी. आपलं घर नपुंसकलिंगी, त्यांची ‘कासा’ स्त्रीलिंगी, आणि नपुंसकलिंगी नाम त्यांच्याकडे नाहीच. शब्द कधी एकटा पाठ करू नका. ‘ला मानो’, ‘एल दिया’, ‘एल प्रोब्लेमा’ असा जोडीनंच करा.

‘आहे’ला त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार. कंटाळलेली सिस्टर ‘एस्तोय आबुर्रीदा’ म्हणते. तीच ‘सोय आबुर्रीदा’ म्हणाली तर ‘मी बाई कंटाळवाणी आहे’ असं होतं. उकडतंय हे सांगायला ‘तेंगो कालोर’. ‘एस्तोय कालिएंते’ म्हणू नका. अर्थ इथे लिहीत नाही, पण धर्मसेवकाच्या तोंडी तो शोभत नाही.

आणि खास आपल्यासाठीचा सापळा बाजारात. बटाटा हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला, म्हणून तो तिकडेही चालेल असं वाटतं. पॅराग्वे-अर्जेंटिनात ‘बाताता’ मागितलात तर पिशवीत रताळी पडतील. बटाट्याला ‘पापा’ म्हणतात. शेवटच्या आ-वर जोर दिलात तर तोच शब्द ‘बाबा’ होतो, आणि पुल्लिंगी ‘एल पापा’ म्हणजे रोमचे पोप.

चूक: प्रार्थना पाठ, पण बोलणं शून्य

हा मिशनरींचा खास आजार. दोन महिन्यांत अख्खी मिस्सा घडाघडा वाचता येते, सगळे कौतुक करतात, आणि स्वयंपाकघरातला नळ गळतोय हे मात्र प्लंबरला हातवारे करून सांगावं लागतं. पाठ केलेल्या भाषेत चूक होत नाही, म्हणून तिथेच बसावंसं वाटतं.

घोरपडीचा एक ब्रदर रात्रभर बसनं प्रवास करून नव्या पॅरिशला पोचला. दारात उभ्या असलेल्या आजींनी विचारलं, कसे आहात. त्याला ‘एस्तोय कान्सादो’, म्हणजे दमलोय, म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ‘एस्तोय कासादो’. आजींनी त्याच्या पाठीमागे, बसच्या दिशेनं वाकून पाहिलं आणि काळजीनं विचारलं, मग बायकोला कुठे ठेवून आलात? त्याला प्रश्नही कळला नाही, म्हणून त्यानं हसून ‘सी, सी’ केलं.

तेव्हा दुसरी सूचना याच पोटात: न कळता ‘सी’ म्हणू नका. मान डावी-उजवीकडे डोलावणं तर नकोच, ते त्यांना ‘नाही’ वाटतं. ‘नो एंतेंदी’ म्हणा, म्हणजे समजलं नाही. कुणी रागावत नाही.

प्रवचनाला उभं राहण्याआधी काही जोड्या आरशासमोर घोटून घ्या. ‘पेकादो’ म्हणजे पाप, ‘पेस्कादो’ म्हणजे मासे. ‘ओंब्रे’ म्हणजे माणूस, ‘आंब्रे’ म्हणजे भूक. वय सांगताना ‘आन्योस’. तिथला ‘न्य’ साधा ‘न’ झाला तर वर्षांऐवजी शरीराच्या भलत्याच भागाचा उल्लेख होतो. पोरं मागच्या बाकावर फिदीफिदी हसायला लागली तर समजून जा.

चूक: पुस्तक स्पेनचं, मिशन बोलिव्हियाचं

स्पेनमध्ये छापलेल्या पुस्तकात ‘बोसोत्रोस’ शिकवतात. लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात तो चालत नाही, तिथे ‘उस्तेदेस’. मिस्सेतसुद्धा ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ हे स्पेनमध्ये ‘कोन बोसोत्रोस’ आणि पलीकडे ‘कोन उस्तेदेस’. ‘कोहेर’ हे क्रियापद स्पेनमध्ये बस पकडायला वापरतात. मेक्सिको, अर्जेंटिनासारख्या देशांत ती शिवी आहे. ‘तोमार’ म्हणा, सगळीकडे चालतं. ‘ग्वाग्वा’ क्युबात बस, बोलिव्हियात तान्हं बाळ. जिथे जायचंय तिथला रेडिओ आत्तापासून ऐकायला लागा, बाकी उपाय नाही.

तू आणि तुम्ही यांचा प्रश्न आपल्याला सोपा जायला हवा. ‘उस्तेद’नं सुरुवात करा, समोरच्यानं मोकळीक दिली की ‘तू’वर या. हो, शब्दही ‘तू’च आहे. देवाला आपण तू म्हणतो, तेही म्हणतात. अर्जेंटिना, पॅराग्वे आणि बोलिव्हियाच्या काही भागांत ‘तू’ऐवजी ‘बोस’ ऐकू येईल, आणि कोलंबियाच्या डोंगराळ भागात घरातली माणसंही एकमेकांना ‘उस्तेद’ म्हणतात. त्याला परकेपणा समजू नका.

चूक: तेरेरेच्या फेरीत दरवेळी ‘ग्रासियास’

पॅराग्वेत दुपारच्या उन्हात माणसं गोल करून बसतात. मध्ये थंडगार पाण्याचा थर्मास, एकाच्या हातात शिंगाचा किंवा लाकडी पेला, त्यात येर्बा माते नावाची भरड पानं आणि धातूची एक नळी. पाणी ओतणारा एकच असतो. तो पेला भरून एकाला देतो, तो माणूस नळीनं सगळं ओढून घेतो, रिकामा पेला परत देतो, मग तोच पेला पुढच्याला. नळी सगळ्यांची एक. याला तेरेरे म्हणतात. गरम पाण्याचं असेल तर माते.

आपल्या पोरांची इथे दोन प्रकारे पंचाईत होते. पहिली उष्ट्याची. पाणी वरून तोंडात धरायची सवय असलेला मुलगा ती नळी बघून गळाठतो. पुणेकराला पेयावरून वाद नवे नाहीत; १८९०मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक-रानड्यांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. पण त्या गोलात जे बोलणं चालतं ते कुठल्याच वर्गात मिळत नाही, म्हणून शक्य असेल तर बसा. सर्दी-खोकला असेल तर तसं सांगून नकार द्या, त्यात गैर काही नाही.

दुसरी पंचाईत सभ्यपणाची. पेला मिळाला की मुलगा ‘ग्रासियास’ म्हणतो, परत देतानाही ‘ग्रासियास’. तिथे परत देताना म्हटलेल्या ‘ग्रासियास’चा अर्थ ‘मला आता पुरे’. पुढच्या फेरीत पेला त्याला वगळून जातो, आणि आपण काय चुकलो या विचारात बिचारा तासभर तहानलेला बसतो. गप्प राहून पेला परत द्या. खरंच पुरे झालं की मग आभार माना.

चूक: स्पॅनिश आली की गाव आलं, असं समजणं

पॅराग्वेत ग्वारानी ही १९९२च्या संविधानानं स्पॅनिशच्या बरोबरीची राजभाषा आहे, आणि घराघरांत ती बोलली जाते. बोलिव्हियाच्या २००९च्या संविधानात स्पॅनिशसोबत ३६ मूलनिवासी भाषांना मान्यता आहे. शाळेतली मुलं तुमच्याशी स्पॅनिश बोलतील, पण आजीला दुःख सांगायचं असेल तेव्हा ती केचुआतच सांगेल. निदान नमस्कार, विचारपूस आणि सांत्वनाची चार वाक्यं त्या भाषेत हवीत. मूळचे इंग्लंडचे मिशनरी फादर स्टीफन्स १५७९मध्ये गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचं क्रिस्तपुराण छापून आलं, ते मराठीत आणि ओवीत. त्यांना पोर्तुगीजवर भागवता आलं असतं.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

अर्जात नाव लिहिताना वडिलांचं नाव आडनावाच्या रकान्यात घालू नका. त्यांच्याकडे दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. रवी पास्कल गायकवाड असं ओळीनं लिहिलंत तर पास्कल हे आडनाव ठरतं आणि पुढे प्रत्येक कागदावर तुम्ही सेन्योर पास्कल. पासपोर्टवर जे आडनाव आहे तेच पहिल्या रकान्यात भरा.

ला पाझ शहर सुमारे ३,६०० मीटरवर आहे, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. पोचल्या पोचल्या डोकं जड झालं आणि धडा शिरेना, तर ‘मला जमणार नाही’ असा निष्कर्ष काढू नका. दोन-चार दिवस पाणी प्या, झोपा.

बोलिव्हियाची वेळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिकडे रात्रीचे नऊ वाजले की पुण्यात सकाळचे साडेसहा, आई चहा ठेवत असते. रोज त्या वेळी तासभर मराठी बोलून झोपलं की दिवसभराची स्पॅनिश धुऊन जाते. फोन दुपारच्या सुट्टीत उरका, आई रात्री झोपायच्या आधी सापडेल. झोपायच्या आधीची वेळ घरच्या यजमानांना द्या. भारतातून गेलेले तिघे-चौघे एकाच घरात असाल तर जेवणाच्या टेबलावर तरी वेगवेगळे बसा.

सगळं कळतं, पण तोंड उघडत नाही?

अर्ध्या वर्षानंतर बहुतेकांचं गाडं इथे अडतं. यावर वर्ग वाढवून उपयोग होत नाही. पॅरिशच्या ऑफिसात दुपारची बसायची ड्युटी मागून घ्या. बाप्तिस्म्याचा दाखला कधी मिळेल, मयताच्या मिस्साला काय द्यावं लागतं, फादर केव्हा भेटतील, हॉल रिकामा आहे का, असे तेच ते प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतात आणि उत्तरंही तीच असतात. टेबलावर एक वही ठेवा. अडलेला शब्द समोर बसलेल्या माणसाकडूनच लिहून घ्या. त्याचा दाखला तयार होईपर्यंत त्यालाही काही काम नसतं.