अकरा वर्षांचं पुस्तक कसं वाचावं

लीला पटवर्धनांचं ‘आमची अकरा वर्षे’ मी पहिल्यांदा अगदी चुकीचं वाचलं. रात्री, अंथरुणात पडून, एका दमात संपवायचं म्हणून. आमच्या ह्यांना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. निम्म्यावर मिटलं ते पुढे चार महिने हातात घेतलं नाही. दुसऱ्यांदा कसं वाचलं ते सांगते. लेखकामागे राहिलेल्या माणसानं संसाराबद्दल लिहिलेलं कुठलंही पुस्तक असं वाचता येईल.

आधी शीर्षकातला आकडा मोजा. लीलाबाईंचे यजमान, कवी माधव जूलियन, गेले 1939 च्या नोव्हेंबरात. अकरा मागे या, 1928, तिथून संसार सुरू. त्यांचा जन्म 1894 चा, म्हणजे जाताना वय अवघं पंचेचाळीस. जन्म इथलाच, आमच्या बडोद्याचा. दांडिया बाजारात कुणालाही विचारा, अभिमानानं सांगतील. मग त्यांची एखादी कविता म्हणा म्हटलं की लगेच चहाचं विचारतात.

आता एक वही घ्या. मी दिवाळीत दुकानदारानं दिलेला लाल पुठ्ठ्याचा चोपडा घेतला, हिशोबाचे रकाने आयतेच आखलेले होते. जमेच्या बाजूला बाहेरचं लिहायचं: 1933 गझलांचा संग्रह ‘गज्जलांजली’. 1936 जळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. 1937 वृत्तांवरच्या ‘छंदोरचना’ ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती. ही बाजू दहा मिनिटांत भरते, वाङ्मयाच्या कुठल्याही इतिहासात तयार मिळते.

खर्चाच्या बाजूला घर. त्या वर्षी बिऱ्हाड कुठे होतं, आजारी कोण होतं, पाहुणे किती दिवस राहिले, पैसे पुरले का, अबोला कशावरून. ही बाजू फक्त बाईंच्या पुस्तकातून भरायची, आणि इथे घाई करू नका. एका बैठकीला एक वर्ष, त्याहून जास्त नाही. लघु-गुरू मोजत वृत्तामागून वृत्त तपासणाऱ्या माणसाला जेवायला उठवायचं म्हणजे किती हाका माराव्या लागत असतील, हे जमेची बाजू वाचून मला कधी सुचलंच नव्हतं. आमच्याकडे साधं शब्दकोडं होतं, तरी आमटी दोनदा गरम व्हायची.

आणखी एक. प्रसंग घडला तेव्हा बाईंना पुढचं ठाऊक नव्हतं, लिहायला बसल्या तेव्हा होतं. सुखाचं पान आलं की हे मनात धरा. लिहिणारी पुढचं आधीच बोलून जाते, तिथे मी पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचे. वहीत हं, पुस्तकात नाही. ग्रंथालयाच्या प्रतीत आधीच्या कुणीतरी समासात तीन ठिकाणी ‘बिचारी!’ लिहून ठेवलं होतं आणि एकदा ‘हे पुरुष!’. ते वाचून मीही पानोपानी न्यायाधीश व्हायला लागले. शेवटी नातवाचं खोडरबर आणलं.

कविता नंतर वाचा. आधी वाचल्यात तर ओळीओळीत बायको शोधत बसाल. ‘विरहतरंग’ हे त्यांचं खंडकाव्य 1926 चं, म्हणजे लग्नाच्याही आधीचं. तिथे लीलाबाईंना शोधायला गेलात तर फसलात. आमच्या भिशीतली एक जण फसली होती, विरहातली ती म्हणजे ह्याच, असं ठासून सांगत होती. मी चोपडा पुढे सरकवला.

शेवटची पानं मात्र दिवसाउजेडी वाचा, घरात एकट्यानं नको. मी सकाळी सुरसागर तलावाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. समोर पाण्यात उभा महादेव, मागे रिक्षांचे हॉर्न, शेजारी दोन आजोबा गुजरातीत गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च सांगत होते. रडू आलं तेव्हा त्यातल्या एकानं काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली. रात्रीच्या अंथरुणात हे मिळत नाही.

एवढ्यात पुस्तकाची मुदत दोनदा टळली. ग्रंथालयातले काका म्हणाले, “अजून वाचताय, काकू?” म्हटलं, “चौतीस साल चाललंय.” त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि पुढच्या तारखेचा शिक्का मारला.