पीपीएआर-गॅमावर डॉकिंग करताना या चुका टाळा

नेरुळ-बेलापूरपासून ठाण्यापर्यंत, एम.फार्म.च्या प्रोजेक्टसाठी पीपीएआर-गॅमा हे पेशीतलं, साखर आणि चरबीच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारं रिसेप्टर प्रथिन आवडतं टार्गेट. मधुमेह घरोघरी, आणि स्ट्रक्चर, सॉफ्टवेअर दोन्ही फुकट. मग जांभळातला किंवा गुळवेलीतला एखादा रेणू घ्यायचा, डॉकिंग करायचं, म्हणजे संगणकावर तो प्रथिनाच्या खाचेत बसवून बघायचा, समजा स्कोअर (जितका उणे, तितकी पकड घट्ट असा अंदाज) उणे ९.८ आला की लिहून टाकायचं, ‘प्रभावी अ‍ॅगोनिस्ट’.

स्कोअरवरून हा शब्द, म्हणजे ‘रिसेप्टर चालू करणारा रेणू’, लिहिता येत नाही. रेणू खाचेत कसा बसू शकेल, एवढाच अंदाज डॉकिंग देतं. रिसेप्टर चालू होणं मुख्यतः हेलिक्स १२ वर, म्हणजे प्रथिनाच्या टोकाकडच्या पिळदार तुकड्यावर, अवलंबून असतं. रोझिग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध प्रथिनातल्या टायरोसीन ४७३ या अमिनो आम्लाशी हायड्रोजन बंध जोडून ही हेलिक्स जागेवर धरतं, तेव्हा कुठे मदतनीस प्रथिनाला म्हणजे को-अ‍ॅक्टिव्हेटरला चिकटायला जागा मिळते. १९९८ चं प्रसिद्ध स्ट्रक्चर, २पीआरजी, याच चालू अवस्थेतलं आहे. त्यात काहीही डॉक करा, प्रथिन ताठच राहतं, त्यामुळे रिसेप्टर अडवणारा अ‍ॅन्टागोनिस्टसुद्धा अ‍ॅगोनिस्टसारखा दिसू शकतो. पडताळायचं असेल तर जीडब्ल्यू ९६६२ डॉक करून बघा. तो सिस्टीन २८५ शी सहसंयुज बंध करून रिसेप्टर अडवतो, पण साध्या डॉकिंगला तो बंध दिसतच नाही.

टायरोसीन ४७३ सापडत नाही? फाइल बिघडलेली नाही. या प्रथिनाच्या गॅमा-२ या रूपात सुरुवातीला २८ अमिनो आम्लं जास्त आहेत, म्हणून काही फाइलींत तेच टायरोसीन ५०१ असतं. पेपरातला क्रमांक डोळे झाकून ग्रिडला (डॉकिंगसाठी आखलेल्या चौकटीला) देऊ नका.

ही खाच फार ऐसपैस आहे. मोठा, तेलकट रेणू तिथे सहज चांगला स्कोअर मिळवतो, तेव्हा स्कोअरला जड (हायड्रोजन सोडून बाकीच्या) अणूंच्या संख्येने भागून बघा. आधी मूळ लिगँड, म्हणजे स्ट्रक्चरमध्ये आधीच बसलेला रेणू, पुन्हा डॉक करा. आरएमएसडी, म्हणजे मूळ जागेपासून तो सरासरी किती सरकला ते अंतर, २ अँगस्ट्रॉमच्या आत आला नाही तर पुढे जाऊ नका.

आणखी एक समज मला खरंच धोक्याचा वाटतो: जितकं जोरात चालू, तितकं चांगलं औषध. रोझिग्लिटाझोन पूर्ण अ‍ॅगोनिस्ट होतं. वजन वाढायचं, अंगात पाणी साठायचं, आणि हृदयाच्या धोक्याच्या चिंतेमुळे २०१० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. २०१३ मध्ये इथे मंजूर झालेलं सारोग्लिटाझार मुख्यतः पीपीएआर-अल्फा या भावंड रिसेप्टरवर आणि मध्यम प्रमाणात गॅमावर काम करतं. म्हणून तुमचा रेणू अल्फा आणि डेल्टा या भावंडांवरही डॉक करा.

रिसेप्टर खरंच चालू होतो का ते दाखवणारी रिपोर्टर जीन चाचणी किंवा को-अ‍ॅक्टिव्हेटर चाचणी करता येत असेल तर ती करून मगच ‘अ‍ॅगोनिस्ट’ म्हणा. सोय नसेल तर थीसिसमध्ये ‘संभाव्य लिगँड’ एवढंच लिहा.