घराचा ठेका देण्यापूर्वी करारनाम्यात काय लिहून घ्यावे

विदर्भातील खेड्यांत घराचे काम अजूनही बरेचदा तोंडी ठरते. ठेकेदार ओळखीचा असतो, चौरस फुटाचा दर बोलला जातो, इसार दिला जातो आणि खोदाई सुरू होते; पुढे वाद निघतो तो बहुधा त्या दरात काय काय धरले होते यावरून. म्हणून ठेका केवळ मजुरीचा आहे की मालासह, बांधकामाचे क्षेत्रफळ कसे मोजायचे, आणि जिना, सज्जे, ओटा, शोषखड्डा व सेंट्रिंगचे (काँक्रीट ओतताना खाली लावायच्या तात्पुरत्या आधाराचे) साहित्य त्याच दरात आहे की वेगळे, हे करारनाम्यात सर्वांत आधी लिहावे. मंजूर नकाशाची प्रत सोबत जोडावी.

सर्वांत जास्त काळजी पायाच्या कलमाची घ्यावी. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात, त्यामुळे तिच्यावरच टेकवलेल्या घराच्या भिंती लवकरच तडकतात. पाया पक्क्या मुरमापर्यंत नेला जाईल, मुरूम ठरलेल्या खोलीवर न लागल्यास अभियंत्याच्या सल्ल्याने पुढील काम होईल आणि वाढीव खोदाईचा दर आत्ताच ठरलेला आहे, अशी स्पष्ट वाक्ये घालावीत. जोत्यातील भरावही मुरमाचाच असावा. खोदून निघालेली काळी माती परत आत टाकू नये. खड्ड्यात काँक्रीट पडण्याआधी मालक आणि ठेकेदार यांनी मिळून टेपने खोली मोजावी, टेप दिसेल असा फोटो काढावा आणि मोजणीच्या नोंदीवर दोघांनी सही करावी, कारण बुजलेला पाया पुन्हा उघडून पाहता येत नाही.

मालासह ठेका असेल तर सिमेंटचा प्रकार, लोखंडाचा दर्जा व प्रत्येक ठिकाणच्या सळईची जाडी, विटा मातीच्या की फ्लाय ॲशच्या (कोळशाच्या राखेच्या), आणि काँक्रीटची प्रत (आरसीसी म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या कामास ताकदीची किमान एम 20 ही श्रेणी) नमूद करावी. रेती-गिट्टी ब्रासमध्ये, म्हणजे 100 घनफुटांच्या मापाने येते. गाडी खाली होताना माप कोण घेणार तेही लिहावे. पाणी मारण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न एप्रिल-मेमध्ये विहीर आटल्यावर उभा राहतो. पीपीसी (राखेसारखे पदार्थ मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबला किमान 10 दिवस, शक्यतो 14 दिवस ओलावा लागतो, त्यामुळे टँकरचा खर्चही आधीच वाटून घ्यावा.

पैसे तारखेवर देऊ नयेत, कामाच्या टप्प्यावर द्यावेत: जोते, लिंटल (दार-खिडक्यांवरील आडवी तुळई), स्लॅब, गिलावा, फरशी. घरकुलाचे किंवा बँकेचे हप्ते येणार असतील तर टप्पे त्यांच्याशी जुळवावेत. कामापेक्षा उचल पुढे गेली की ठेकेदाराला परत बोलावणे कठीण होते. एकूण रकमेचा काही भाग, माझ्या मते किमान पाच टक्के, एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा आणि त्या काळातील गळती व तडे ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावेत, असे ठरवावे.

मुदत लिहिताना पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत हे धरून चालावे, म्हणजे स्लॅब पावसापूर्वी पूर्ण होण्याची तारीख खरी ठरेल. मजुरांच्या अपघाताची जबाबदारी व विमा, मध्येच काम सोडल्यास हिशेब कसा होईल आणि वाद झाल्यास कोणाचा निर्णय मानायचा, ही तीन कलमे राहू देऊ नयेत. वाढीव काम तोंडी सांगू नये. त्याचा दर लिहून सही झाल्यावरच ते सुरू करावे. करारनामा योग्य मुद्रांकावर करून नकाशासह प्रत्येक पानावर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात व एक प्रत ठेकेदाराकडे द्यावी.